निरुपद्रवी, निर्धन, निरुद्देश

एलिट डेंजरस हा अवकाशात जहाज उडवण्याचा संगणकीय खेळ सुरू केला की तुमच्या नावापुढे आपोआप तीन बिरुदं लागतात. लढाईत तुम्ही निरुपद्रवी, व्यापारात निर्धन आणि भटकंतीत निरुद्देश. तिन्ही शिड्यांची ही सगळ्यात खालची पायरी, आणि तिन्हींच्या टोकाला एकच पद, एलिट. एवढं सांगून खेळ तुम्हाला एक छोटं जहाज देतो, खिशात थोडे क्रेडिट टाकतो आणि गप्प बसतो. कोणी राजा बोलावणं धाडत नाही, जग वाचवायची जबाबदारी कोणी अंगावर टाकत नाही, तुमच्या जन्माचं काही गूढ नसतं. पायाखाली स्टेशनचा तळ, बाहेर काळंभोर अवकाश, आणि पुढे काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं.

या गप्प बसण्याला कंटाळून कितीतरी जण पहिल्या दोन-तीन संध्याकाळींतच खेळ सोडून देतात. ‘पण यात करायचं काय?’ हा प्रश्न मला पुन्हापुन्हा विचारला गेला आहे. नवख्यांसाठीच्या मार्गदर्शक व्हिडिओंत याचं ठरलेलं उत्तर असतं: अमुक खनिज खणा, तमुक मोहिमा घ्या, आठवडाभरात मोठं जहाज दारात उभं. मला हे उत्तर पटत नाही. लहान जहाजातले ते सुरुवातीचे संथ, चाचपडत काढलेले आठवडे हा या खेळाचा सगळ्यात भरलेला भाग आहे, आणि तो लवकर उरकून टाका असं नव्या माणसाला सांगणं म्हणजे त्याचं नुकसान करणं आहे. म्हणून हा लेख.

आधी थोडा इतिहास, कारण हा खेळ असा का आहे ते त्यावरून कळतं. १९८४ साली केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकासाठी ‘एलिट’ लिहिला. त्या यंत्राची सगळी मेमरी मिळून ३२ किलोबाइट. तेवढ्यात त्यांनी आठ दीर्घिका बसवल्या, प्रत्येकीत २५६ तारे, आणि प्रत्येक ठिकाणाला नाव, राज्यव्यवस्था, बाजारभाव. यातलं जवळजवळ काहीच साठवून ठेवलेलं नव्हतं. एका बीजसंख्येपासून सुरुवात करून, फिबोनाचीच्या श्रेणीसारखी, म्हणजे मागचे आकडे मिळवून पुढचा काढत, बेरीज करत करत यंत्र दर वेळी तेच तारे नव्याने घडवायचं. या गणिताला आठच दीर्घिकांचं बंधन नव्हतं. दोनाच्या ४८व्या घाताइतक्या दीर्घिका काढता येतील असा दोघांचा हिशोब होता. प्रकाशक अ‍ॅकॉर्नसॉफ्टने त्यांना आठवर थांबवलं, कारण आकडा फार मोठा झाला की सगळा पसारा यंत्राने पाडलेला आहे हे लगेच जाणवलं असतं. या निर्णयाचं मला फार कौतुक वाटतं. विस्तार कितीही देता येतो, त्यात माणसाला हरवायला होतं हे त्या प्रकाशकाने चाळीस वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

पुढे ब्रेबेन यांच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने नोव्हेंबर २०१२ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली आणि १६ डिसेंबर २०१४ रोजी एलिट डेंजरस आला. या खेपेला दीर्घिका एकच, पण ती आपली आकाशगंगा, खऱ्या मापाची, सुमारे ४०० अब्ज ग्रहमालांची. त्यांतल्या दीड लाखाच्या आसपास खगोलशास्त्राच्या खऱ्या सूचींमधून घेतल्या आहेत. बाकीच्या ‘स्टेलर फोर्ज’ नावाची प्रणाली घडवते. कुठे किती द्रव्य आहे, ते किती जुनं आहे, त्यात जड मूलद्रव्यं किती, यावरून तिथे कसला तारा असेल आणि त्याभोवती कसले ग्रह फिरत असतील हे ती ठरवते. खेळातलं वर्ष काढायचं तर आपल्या वर्षात १२८६ मिळवायचे. इतकी वर्षं इतकी माणसं फिरत आहेत, तरी या आकाशगंगेचा एक टक्क्याच्या दहाव्या भागाइतकाही भाग अजून कोणी पाहिलेला नाही.

आणि या सगळ्यासमोर तुम्ही बसता साइडवाइंडरमध्ये.

चपटं, पाचरीसारखं, एका माणसाचं जहाज. टाकीत दोन टन इंधन, पोटात जेमतेम चार टन माल, दोन छोट्या बंदुका. एका उडीत सात-आठ प्रकाशवर्षं. त्याची एक गोष्ट मात्र खेळातल्या दुसऱ्या कुठल्याही जहाजाला नाही: ते फुटलं तर नवं फुकट मिळतं. बाकी प्रत्येक जहाजाला आणि त्यावर बसवलेल्या यंत्रसामग्रीला मिळून किमतीच्या पाच टक्के विमा भरावा लागतो, आणि तेवढे पैसे गाठीशी नसले तर जहाज हातचं जातं. साइडवाइंडरमध्ये ही धास्तीच नाही. कुठेही जा, काहीही करून बघा, धडका, जळा, लुटारूंशी भिडा. इतका निर्धास्तपणा पुढे कधीच मिळत नाही. २०१९ पासून काही ग्रहमाला खास नवख्यांसाठी राखून ठेवल्या आहेत. तिथे जुनी, बलाढ्य मंडळी येऊ शकत नाहीत, आणि तुमचं पद जरा वाढलं की तुमचाही परवाना जातो. हा काळ जपून वापरावा.

कॉकपिटमध्ये बसल्या बसल्या डावीकडे मान वळवली की एक फलक उजळतो, त्यात आजूबाजूची ठिकाणं. उजवीकडे वळवली की जहाजाची तब्येत. मधोमध, गुडघ्यांच्या थोडं वर, गोल स्कॅनर. त्यातल्या ठिपक्यांना खाली-वर काड्या असतात, कारण इथे समोर-मागे आणि डावं-उजवं एवढ्यावर भागत नाही, वर कोण आहे आणि खाली कोण हेही कळावं लागतं. जमिनीवर वाढलेल्या माणसाच्या डोक्यात ही तिसरी मिती नुसती ऐकून शिरत नाही, ती हातांनी शिकावी लागते. त्यासाठी महागडी जॉयस्टिक हवीच असं नाही. मी कितीतरी महिने साध्या कीबोर्ड-माउसवर उडत होते, गेमपॅडवरही छान जमतं. एकच करावं: आधी ‘सोलो’ हा पर्याय निवडावा. आकाशगंगा सगळ्यांची तीच राहते, बाजारभावही तेच, फक्त बाकीची माणसं समोर येत नाहीत. शिकताना एकांत बरा.

सगळ्यात पहिली खरी विद्या म्हणजे स्टेशनमध्ये शिरणं. हल्ली नव्या जहाजावर डॉकिंग कॉम्प्युटर आधीच बसवलेला असतो. थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, शून्यावर आणलं की तो सगळं करतो. माझा आग्रह आहे की काही दिवस तो काढून ठेवावा.

कोरिओलिस जातीचं स्टेशन म्हणजे कोपरे छाटलेला एक अवाढव्य घन, स्वतःभोवती संथ फिरणारा. आतल्या माणसांना वजन मिळावं म्हणून ते फिरणं. साडेसात किलोमीटरच्या आत आलं की परवानगी मागायची. नियंत्रकाचा आवाज येतो, उतरायच्या जागेचा, म्हणजे पॅडचा, नंबर मिळतो आणि घड्याळ सुरू होतं: दहा मिनिटांत उतरायचं. एका बाजूला आडवी फट दिसते, खेळाडूंच्या बोलण्यातला ‘मेल स्लॉट’. तीही स्टेशनबरोबर फिरतेय. तिच्या एका कडेला हिरवे दिवे, दुसऱ्या कडेला लाल. हिरवे उजव्या हाताला येतील असं जहाज वळवून घ्यायचं, वेग शंभराखाली आणायचा, आणि फटीच्या फिरण्याशी आपलं फिरणं जुळवायचं. डावा हात थ्रॉटलवर, उजवा हात जहाज हळूहळू कलतं ठेवतो. क्षणभर असं होतं की फट स्थिर दिसते आणि तिच्यामागचे तारे गरगरायला लागतात. मग निळसर पडद्यातून तुम्ही आत जाता, बाहेरची शांतता संपून यंत्रांची घरघर कानावर येते, आणि खाली-वर, डावीकडे-उजवीकडे, पिंपाच्या आतल्या भिंतीवर लावावेत तसे गोलाकार पॅड दिसायला लागतात. तुमचा नंबर हवेत उजळलेला असतो. चाकं खाली, पॅडच्या वर, आता खाली… स्कॅनरच्या जागी पॅडचं चित्र येतं, त्यात जहाजाचा ठिपका बरोबर मधे आणायचा, आणि अगदी मुंगीच्या पावलांनी टेकायचं. धातूचा एक जड ठोका बसतो. जहाज पॅडसकट खाली हँगरमध्ये सरकतं.

हे पहिल्यांदा आपल्या हातांनी जमतं तेव्हा अंगातून वीज गेल्यासारखं होतं. शत्रू मारलेला नाही, पैसे मिळालेले नाहीत, पदही चढलेलं नाही. एक जड वस्तू एका फिरत्या वस्तूच्या आत अलगद ठेवली, एवढंच. पण त्या रात्री मला नीट झोप लागली नव्हती, आणि आजही मोठ्या जहाजाचा कॉम्प्युटर मी बंदच ठेवते.

दुसरी विद्या वेग कमी करण्याची. एका ताऱ्यापासून दुसऱ्याकडे उडी असते, पण एकाच ग्रहमालेच्या आत फिरताना ‘सुपरक्रूझ’ वापरायचा. त्यात वेग प्रकाशाच्या दोन हजार पटींपर्यंत जातो, फक्त एखाद्या ग्रहाच्या किंवा ताऱ्याच्या जवळ गेलं की त्याचं गुरुत्व जहाजाला आवरून धरतं. नव्या माणसाची अडचण अशी की पूर्ण थ्रॉटलवर सुटलेलं जहाज ठिकाण आलं तरी थांबत नाही, शेजारून निघून जातं आणि मोठा फेरा मारून परत यावं लागतं. यावर सगळे जुने खेळाडू एकच उपाय सांगतात: पोचायला किती वेळ उरला ते पाहत राहा, आकडा सहा-सात सेकंदांवर आला की थ्रॉटल पाऊण भागावर आणा आणि मग हात लावू नका. वेग आपोआप उतरत जातो आणि आकडा तिथेच राहतो. घाट उतरताना जाणता ड्रायव्हर ब्रेकवर पाय रोवून बसत नाही, आधीच गिअर उतरवतो आणि उताराला त्याचं काम करू देतो. हे तसंच आहे. इथे उतार म्हणजे ग्रहाचं गुरुत्व. ते जाणवायला लागलं की ग्रह नकाशावरचा गोल राहत नाही, त्याला वजन येतं.

आणि अंतर काय असतं तेही इथेच कळतं. अल्फा सेंटॉरीत हटन ऑर्बिटल नावाचं एक स्टेशन आहे. उडी मारून तुम्ही मुख्य ताऱ्यापाशी येता, स्टेशन मात्र तिथून ०.२२ प्रकाशवर्ष लांब, धाकट्या ताऱ्याच्या शेजारी. नवख्यांना चिडवायला जुनी मंडळी सांगतात की तिथे अ‍ॅनाकोंडा जहाज फुकट मिळतं. मिळत नाही. तिथे तेवढं मोठं जहाज उतरायला पॅडसुद्धा नाही. साध्या सुपरक्रूझने तिथवर जायला तास-दीड तास लागतो. २०२४ पासून आलेल्या नव्या ड्राइव्हने, म्हणजे इंजिनाने, तो प्रवास पुष्कळ आटोपतो, तरी मी म्हणेन की एकदा जुन्या पद्धतीनेच जावं, सगळं ठाऊक असताना. प्रकाशाच्या शेकडो पट वेगाने चाललो आहोत, समोरचा तारा जागचा हलत नाही, आकडा संथ उतरतो आहे. ‘सूर्यानंतरचा सर्वात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे’ हे वाक्य शाळेपासून पाठ होतं. त्याचा अर्थ मला त्या खुर्चीत बसून कळला.

तिसरी गोष्ट इंधन. उडी संपली की जहाज थेट ताऱ्यासमोर बाहेर पडतं, आणि पहिल्या काही उड्यांना छाती धडधडतेच, कारण काळोख्या बोगद्यातून एकदम अख्खा पडदा व्यापणारा धगधगता गोळा समोर उभा राहतो. बाहेर पडण्याआधीच थ्रॉटल शून्यावर आणायची सवय लावून घ्यावी. लांब जायचं तर जहाजावर फ्यूएल स्कूप बसवून घ्यायचा. ताऱ्याच्या कडेकडेने, फार जवळ न जाता उडायचं. स्कूप ताऱ्याच्या बाह्य थरातला हायड्रोजन ओढून टाकी भरतो. तापमानाचा आकडा सत्तरच्या आत ठेवला तर धोका नाही. पण हे सगळ्या ताऱ्यांवर जमत नाही. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम, खगोलशास्त्रात शिकवतात त्या ताऱ्यांच्या सात वर्णपटीय श्रेणी, त्यांच्यावरच टाकी भरते. तपकिरी खुजे तारे कामाचे नाहीत, कारण हायड्रोजन पेटत राहील एवढं वस्तुमानच त्यांना मिळालेलं नसतं. खऱ्या आकाशगंगेत साधारण चारातले तीन तारे एम श्रेणीचे, लहान आणि लालसर. नुसत्या डोळ्यांनी त्यांतला एकही दिसत नाही. आपल्याला वरती दिसतात ते सगळे अपवाद आहेत, फार मोठे किंवा फार जवळचे. हे मी पुस्तकात वाचलं होतं. इथे उडीमागून उडी मारताना एकसारखे तांबूस गोळेच समोर येत राहिले तेव्हा ते अंगात मुरलं.

इंधन संपलंच तर? जहाज थंड पडतं, काच गोठायला लागते, प्राणवायूचं घड्याळ उलटं चालू होतं. अशा वेळी लगेच खेळातून मुख्य मेनूवर यावं म्हणजे घड्याळ थांबतं, आणि फ्यूएल रॅट्सना हाक मारावी. २०१५ पासून हा स्वयंसेवकांचा गट अडकलेल्यांना इंधन नेऊन देतो आहे. काही मोबदला घेत नाहीत. आजवर त्यांनी एक लाखाहून अधिक जहाजांना मदत केली आहे. खेळाच्या नियमांत या कामाला ना पद आहे ना पगार. ही भूमिका खेळाने लिहिलेलीच नव्हती, माणसांनी ती तयार केली. निरुद्देश सोडून दिलं तर माणसं काय करतात याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात सुंदर उदाहरण हे आहे.

माझा भाचा कोल्हापूरला इंजिनिअरिंगला आहे. त्याने खेळ घेतला आणि आठवड्याच्या आत त्याचा फोन आला.

“मावशी, अ‍ॅनाकोंडा घ्यायला किती दिवस लागतील गं?”

“कशाला हवंय तुला?”

“सगळ्यात भारी आहे ना ते.”

“चौदा कोटी सत्तर लाखांच्या आसपास आहे. आणि फुटलं की नुसत्या सांगाड्याच्या विम्यालाच सत्तर लाखांच्या वर.”

“म्हणूनच विचारतोय. कुणीतरी यादी टाकलीय, तासाला सगळ्यात जास्त क्रेडिट कशात मिळतात त्याची.”

यादी बरोबर होती, मी वाचली. मे २०२१ च्या ओडिसी या विस्तारापासून विरळ वातावरणाच्या ग्रहांवर उतरून पायी चालता येतं, तिथल्या जीवांचे नमुने घेता येतात. एकाच जातीचे तीन नमुने, एकमेकांपासून ठरावीक अंतरावरचे, आणि ते नेऊन विकायचे. काही जातींना एक कोटी नव्वद लाख मिळतात, आणि ती जात त्या ग्रहावर सर्वात आधी तुम्ही नोंदवली असेल तर त्याच्या पाचपट. म्हणजे नशीब असेल तर एकदोन दिवसांत अ‍ॅनाकोंडा. गणितात काही चूक नाही.

पण मी त्याला म्हटलं, “त्या ग्रहावर जा, जरूर जा. फक्त यादी घेऊन नको जाऊस. उतरल्यावर जरा वेळ हिंड, वर कुठला ग्रह दिसतोय ते बघ, सूर्य किती लहान आहे ते बघ. जीव सापडला तर त्याच्याजवळ थांब. पैसे काय, येतीलच.”

तो गप्प राहिला. मावशी उपदेश करतेय असं त्याला वाटलं असणार, आणि वाटलं तर वाटो. मला मात्र मनापासून वाटतं की तासाला किती हा हिशोब या खेळात एकदा शिरला की प्रत्येक तारा नुसता मुक्काम आणि प्रत्येक ग्रह नुसती खाण होऊन बसतो. माझ्या ओळखीतली किती तरी माणसं याच वाटेने गेली. महिन्याभरात मोठं जहाज, त्यावर सगळी उत्तम यंत्रसामग्री, आणि मग त्यात बसून जायला कुठलीच जागा नाही. ज्यांनी आधी साइडवाइंडरमधून टपाल पोचवलं, एखाद्या छोट्या तळाला धान्य नेऊन दिलं, लुटारू मागे लागल्यावर घाबरून पळ काढला, ती माणसं अजून खेळत आहेत.

आता मला या खेळाने जे सगळ्यात मोठं दिलं त्याबद्दल. कॉलेजात असताना मी खगोल मंडळाच्या आकाशदर्शनाला वांगणीला जायचे. रात्रभर माळावर सतरंज्या टाकून तारे ओळखायला शिकलो. मृग नक्षत्र थंडीच्या दिवसांत पहिल्यांदा ओळखू येतं: चार पाय, आणि पोटात रुतलेले बाणाचे तीन तारे, बाणाच्या रेषेत खाली तो मारणारा व्याध. शेजारी रोहिणी, पलीकडे कृत्तिकांचा पुंजका. सगळं एका छतावर काढल्यासारखं सपाट. अंतरं वेगवेगळी आहेत हे शिकवणारे सांगत, आम्ही वहीत लिहूनही घेत असू. डोळ्यांना ते कधी पटलं नाही.

या खेळातलं आकाश तुम्ही जिथे आहात तिथून दिसेल तसं काढलेलं असतं. पुढे सरकलात की तारे आपापल्या जागा बदलतात. काही दिवस साइडवाइंडरमध्ये शिकून झाल्यावर मी हॉलर घेतलं, एक स्वस्त, ओबडधोबड मालवाहू जहाज. त्यावरची शस्त्रं काढून टाकली, चांगला ड्राइव्ह आणि स्कूप बसवला, वीस-पंचवीस प्रकाशवर्षांची उडी सहज जमायला लागली. आणि मृगाकडे निघाले. कोणी मोहीम दिली नव्हती.

आधी वाट वाकडी करून रोहिणी. ६५ प्रकाशवर्षं. पृथ्वीवरून ती ताऱ्यांच्या एका गुच्छात बसलेली दिसते, पण तो गुच्छ तिच्यापेक्षा दुपटीहून लांब, दीडशे प्रकाशवर्षांवर आहे. तिच्यापाशी पोचलं तरी तो पुढेच राहतो. रोहिणी नारिंगी, भलामोठा राक्षसी तारा, पडद्यात मावत नाही. तिथे जहाज वळवून मागे पाहिलं. आपला सूर्य इतक्या अंतरावरून नुसत्या डोळ्यांना दिसण्याच्या किंचित पलीकडे असतो. साठेक प्रकाशवर्षं हीच त्याची नजरेची हद्द. एवढा प्रखर, एवढा आपला, आणि त्याला शोधायला नकाशा उघडावा लागतो.

मग पुढे. मृगाचा एक पाय, बेलाट्रिक्स, २५० प्रकाशवर्षांवर. दुसरा पाय, काक्षी, पाचशेच्या पुढे. तिसरा, राजन्य, साडेआठशेच्या आसपास, आणि बाणातला मधला तारा हजाराच्याही बराच पलीकडे. म्हणजे बाणाच्या दिशेने चारशे प्रकाशवर्षं गेलं की बेलाट्रिक्स तुमच्या पाठीमागे गेलेला असतो आणि बाकीचं मृग अजून समोर. एक पाय मागे, तीन पुढे, आणि बाण अजूनही लांबच. मी उड्या मारताना दर चार-पाच उड्यांनी थांबून पाहत होते. आधी खांदे रुंदावले, मग एक कोपरा निसटला, मग आकारच उरला नाही. व्याध कधीच ओळखू येईनासा झाला होता, तो तर साडेआठ प्रकाशवर्षांवरचा, आपल्या अंगणातला. शिकारी, हरीण आणि बाण ही सगळी कथा फक्त आपण उभे आहोत तिथूनच दिसते. माळावर बसून वहीत लिहिलेले ते आकडे कितीतरी वर्षांनी खरे झाले. मी त्या रात्री खूप वेळ जहाज तसंच उभं ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला उशिरा गेले.

ज्याला आकाशाची थोडीही ओढ आहे त्याने या खेळात आपली नक्षत्रं घेऊन शिरावं. स्वाती ३७ प्रकाशवर्षांवर, सहज गाठता येतो. अगस्त्य तीनशेच्या पुढे. कृत्तिकांमध्ये तर वस्ती आहे, स्टेशनं आहेत. अभिजित आणि व्याध इथे जायला परवाने लागतात, ते मिळवायला कामं करावी लागतात. नावं परकी दिसतील, तारे तेच आहेत.

भाच्याचा मधे पुन्हा फोन आला. अ‍ॅनाकोंडाचा विषय त्याने काढला नाही. त्याला कुठेतरी कळलं होतं की खेळातल्या सूर्यमालेत व्हॉयेजर १ आणि २ ही यानं आहेत, खेळातल्या काळापर्यंत ती जिथे पोचलेली असतील साधारण तिथे. व्हॉयेजर १ सूर्यापासून वीस लाख प्रकाशसेकंदांहून अधिक लांब. “हे खरं आहे का गं?” खरं आहे. ५ सप्टेंबर १९७७ ला सुटलेलं यान सेकंदाला सतरा किलोमीटरच्या वेगाने हजारो वर्षं असंच जात राहणार, खेळवाल्यांनी तेवढा हिशोब पुढे नेला. मी त्याला त्यावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीबद्दल सांगितलं. तीत ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत, मराठीतलीही आहे. आणि केसरबाई केरकरांची भैरवी आहे. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या केसरबाई, यान सुटल्यावर अकराव्या दिवशी गेल्या. तो इंजिनिअरिंगचा मुलगा, गाण्याशी फारसा संबंध नाही. त्याने फोन ठेवल्यावर ती भैरवी शोधून ऐकली आणि मला मेसेज केला की आवाज फार मोठा आहे.

सूर्यमालेत शिरायला फेडरेशन या खेळातल्या महासत्तेचा परवाना लागतो आणि तो पेटी ऑफिसर या पदाला मिळतो. त्यासाठी फेडरेशनच्या बाजूच्या संघटनांची कामं करत राहायची, बहुतेक निरोप पोचवण्याची आणि देणग्यांची, आणि अधूनमधून बढतीची मोहीम येते ती घ्यायची. मी त्याला एवढंच सुचवलं की एकाच स्टेशनवर ठाण मांडून बसू नकोस, दोन-तीन शेजारच्या ग्रहमाला निवड, म्हणजे कामांची ददात पडत नाही आणि रस्ते पाठ होतात. काल रात्री तो मिडशिपमन झाला. आता एक पायरी राहिली.